विमानाचे काम कुठे जाते, धाराशिवची मुले कुठे जातात

१६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कालिना भागात एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेस या सरकारी कंपनीच्या फाटकापुढे हजारो तरुण जमले. पद हँडीमनचे होते: विमानात सामान चढवायचे, उतरवायचे, ट्रॉल्या ओढायच्या. जागा २,२१६. अट दहावी पासची, नोकरी ठरावीक मुदतीच्या कराराची, पगार महिन्याला वीस-पंचवीस हजार. गर्दी आवरेना, तेव्हा अर्ज ठेवून घेऊन मुलांना परत पाठवले गेले. आलेल्यांत बुलढाण्याचे होते, राजस्थानातले होते, पदवीधरही होते.

त्याआधी दीड वर्षाच्या आत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, टाटांकडे गेलेल्या एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली होती. एअरबसची २५०, बोइंगची २२०. हँडीमन भरणारी कंपनी सरकारकडेच राहिली, टाटांची एअर इंडिया वेगळी झाली, हे खरे. पण सामान चढते ते याच विमानांत. बोइंगच्या वाट्याच्या विमानांबद्दल तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष जो बायडेन यांनी जाहीर केले, की या खरेदीने अमेरिकेतल्या ४४ राज्यांत दहा लाखांहून अधिक नोकऱ्यांना आधार मिळेल. त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एअरबसकडे आणखी ५०० विमाने मागितली. विमाने आपण घेतो, पैसे आपण मोजतो. मग त्या विमानांमागचे काम कोणाकोणाला मिळते, आणि आपल्या वाट्याला येते ते फक्त सामान उचलण्याचे का, हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाने विचारायलाच हवा. आपल्याकडे तो बहुधा 'विमानतळ कधी सुरू होणार' एवढ्यावर थांबतो.

आधी हे काम जगात कसे विखुरले ते पाहू. बोइंग ७८७ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. त्याच्या सांगाड्याचा सुमारे ३५ टक्के भाग मित्सुबिशी, कावासाकी आणि फुजी (आताची सुबारू) या तीन जपानी कंपन्यांकडे गेला. पंखसुद्धा नागोयात बनतात, आणि पंख म्हणजे विमानविद्येतला सर्वांत जपलेला भाग. मधल्या धडाचे तुकडे आणि शेपटीकडचा आडवा पंख इटलीत. सिएटलजवळच्या एव्हरेटमध्ये हे सगळे आणून जोडायचे, अशी योजना होती. ती योजना कागदावर स्वस्त होती. प्रत्यक्षात पुरवठादारांची कामे अर्धवट येऊ लागली, जोड जुळेनात, आणि पहिले विमान ठरल्यापेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिराने, सप्टेंबर २०११ मध्ये ग्राहकाच्या हाती पडले. दरम्यान बोइंगने दुसरी जोडणी-साखळी साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला उभारली. तिथे कामगार संघटना दुबळ्या. २०२१ पासून ७८७ ची सगळी जोडणी तिकडेच होते. म्हणजे सिएटलच्या कामगाराचे काम जपानला गेले तसे त्याच्याच देशातल्या दुसऱ्या राज्यातही गेले. आपल्याकडच्या 'प्रकल्प गुजरातला गेला' या वादाची आठवण इथे होणे साहजिक आहे, त्याकडे पुढे येऊ.

सिएटलच्या कामगारांनी हे मुकाट्याने सोसले नाही. २००८ मध्ये यंत्रकामगारांचा ५७ दिवसांचा संप झाला, त्यात बाहेर दिले जाणारे काम हा मोठा मुद्दा होता. २०२४ च्या सप्टेंबरात ३३ हजार कामगार पुन्हा संपावर गेले. सात आठवड्यांनी संप मिटला तेव्हा चार वर्षांत ३८ टक्के पगारवाढ आणि पुढचे नवे विमान याच भागात बांधण्याचे आश्वासन त्यांनी मिळवले होते. अभियंत्यांच्या संघटनेची, 'स्पीया'ची, लढाई वेगळी. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथले विमान अभियंते पडत्या पगारावर मिळू लागले, आणि बोइंगने मॉस्कोत रचनाकेंद्र उघडले. रशियन अभियंते कामानिमित्त अमेरिकेत येऊन-जाऊन असत, आणि ते व्यवसायभेटीच्या व्हिसावर येऊन प्रत्यक्षात नोकरीच करतात, हा संघटनेचा आक्षेप होता. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये मॉस्कोतले काम थांबले. बोइंगचे बंगळुरूतले अभियांत्रिकी केंद्र मात्र वाढत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये तिथे ४३ एकरांवर, १,६०० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीच्या नव्या संकुलाचे उद्घाटन झाले. 

भारतीय अभियंत्यांवर या वादात एक अन्याय झाला, त्याची नोंद इथे करावीशी वाटते. ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत, ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये, ३४६ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकी वृत्तसंस्थेने बातमी दिली, की मॅक्सच्या सॉफ्टवेअरवर एचसीएलसारख्या कंपन्यांमार्फत तासाला नऊ डॉलर इतक्या कमी मोबदल्यावरही माणसे काम करत होती. बातमीत तथ्य होते. पण अपघातांना कारणीभूत ठरलेल्या प्रणालीशी या माणसांचा संबंध नव्हता, असे बोइंगने स्वतःच सांगितले. एकाच संवेदकावर विसंबायचे, वैमानिकांच्या पुस्तिकेत त्या प्रणालीचा उल्लेखही ठेवायचा नाही, हे निर्णय अमेरिकेतल्या कचेऱ्यांत झाले. तरी 'नऊ डॉलरवाले भारतीय' हा शिक्का बसला तो बसलाच. स्वस्त मजुराकडे काम गेले की घडलेल्या वाईटाचे खापरही त्याच्याच डोक्यावर फुटते. ऊसतोडीच्या फडावर वजनात तूट आली की मुकादम आधी कोणाकडे बोट दाखवतो, हे कळंब-वाशीकडच्या माणसाला ठाऊक आहे.

आता आपली बाजू. विमाने घेताना भारताने मोबदल्यात काही काम मागितले का? मागितले. २००५-०६ मध्ये एअर इंडियाने बोइंगकडून ६८ विमाने घेण्याचे ठरवले, तेव्हा बोइंगने दहा कोटी डॉलर खर्चून देशात देखभाल-दुरुस्तीचे केंद्र उभारण्याचे मान्य केले. ते नागपूरच्या मिहान प्रकल्पात आले. शंभर-शंभर मीटर लांबी-रुंदीचे दोन हँगर उभे राहिले, पण धावपट्टीपासून तिथवर विमान नेणारा टॅक्सीवे रखडला आणि केंद्र सुरू व्हायला २०१५ उजाडले. मिहानसाठी खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या. पुनर्वसनाचे आणि नोकऱ्यांचे प्रश्न त्या गावांत वर्षानुवर्षे धगधगत राहिले. याच मिहानमध्ये टाटा समूहाच्या 'टाल' कंपनीने ७८७ च्या प्रवासी मजल्याखालच्या कॉम्पोझिट तुळया बनवायला घेतल्या. ज्या विमानाच्या उशिराची कथा वर सांगितली, त्याच्या पायाखालचा भाग नागपुरात घडतो, हे फार थोड्यांना माहीत असते. फ्रान्सची दासो आणि रिलायन्स यांच्या भागीदारीने २०१७ मध्ये मिहानमध्ये पाया घातला आणि फाल्कन जेटचे सुटे भाग तयार होऊ लागले. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जाहीर झाले, की फाल्कन २००० हे संपूर्ण विमान नागपुरात जोडले जाईल. फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच, आणि पहिले विमान २०२८ पर्यंत.

म्हणजे नागपूर रिकाम्या हाताने बसलेले नाही. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये टाटा-एअरबसचा सी-२९५ प्रकल्प वडोदऱ्याला गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! सुमारे २२ हजार कोटींचा करार, ५६ विमाने, त्यातली ४० भारतात बनणार. नागपूरला तो यायला हवा होता, असे अनेकांना वाटत होते, आणि त्यांची खंत खोटी नव्हती. पण या वादात एक गोष्ट निसटली. विमानाची शेवटची जोडणी डोळ्यांत भरते, फीत तिथेच कापतात, तिथे खरोखर लागणारी माणसे मात्र पुरवठ्याच्या साखळीपेक्षा कमी असतात. एका प्रवासी विमानात लाखो सुटे भाग. त्यातला एकेक कंस, बिजागरी, पट्टी कोणीतरी कुठेतरी यंत्रावर कातलेली असते. ती कुठे कातली जाते यावर रोजगाराचा मोठा हिस्सा ठरतो. राजकारणाला जोडणीशाळा दिसते, ही साखळी दिसत नाही.

ती साखळी पाहायची तर सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यात जावे लागेल. पुणे-बंगळुरू महामार्गावर, बेळगाव आणि कोल्हापूरच्या दरम्यान, हुक्केरी तालुक्यात हत्तरगी नावाचे गाव आहे. तिथे अरविंद मेळ्ळीगेरी यांच्या 'एक्वस' कंपनीने २५० एकरांवर विमानाच्या सुट्या भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारले. २००९ पासून ते चालू आहे. एअरबस, बोइंग यांच्या विमानांचे भाग तिथून जातात. एका आवारात धातूचे घडीवकाम, कातकाम, पृष्ठभागावरची रासायनिक प्रक्रिया आणि बारीक जोडणी, सगळे होते. यातल्या घडीवकामासाठी फ्रान्सची आणि रासायनिक प्रक्रियेसाठी कॅनडाची कंपनी भागीदार म्हणून आली.

हे महत्त्वाचे का, ते सांगतो. विमानाचा भाग कातला म्हणजे झाला असे नसते. त्यावर गंज न चढण्यासाठी प्रक्रिया करावी लागते, आतून तडा नाही याची तपासणी करावी लागते, आणि अशी प्रक्रिया व तपासणी करणाऱ्या कारखान्याला 'नॅडकॅप' नावाची आंतरराष्ट्रीय मान्यता लागते. ती नसेल तर भाग कातायचा भारतात, रंगवायला पाठवायचा परदेशात, तपासायला तिसऱ्याच देशात. त्या फेऱ्यांत मजुरीतली सगळी बचत वाहून जाते. हत्तरगीने या फेऱ्या तोडल्या. स्वस्त मजूर तर भारतात सगळीकडेच होते, काम मात्र तिथे गेले.

आणि हत्तरगीच का? बेळगावच्या उद्यमबागेत आधीपासून ओतकामाचे आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने होते. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावात फाउंड्र्या होत्या. लेथवर हात बसलेली, मायक्रोमीटर वाचता येणारी, ड्रॉइंग पाहून काम उचलणारी मराठी-कानडी माणसांची दुसरी-तिसरी पिढी तिथे तयार होती. ऑइल इंजिनाचे, पंपांचे भाग बनवणारा माणूस पाच अक्षांच्या सीएनसी यंत्रावर सेटर होऊ शकतो, कारण सहनमर्यादा (टॉलरन्स) म्हणजे काय हे त्याला बापाच्या वर्कशॉपमध्येच कळलेले असते.

याच पट्ट्यात धाराशिवची माणसे दरसाल जातात. विमानाच्या भागांसाठी नव्हे. दिवाळीनंतर कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. काही टोळ्या सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडे जातात, काही पुढे कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांवर. हुक्केरी तालुक्यातच संकेश्वरला हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना आहे. जागतिक बाजाराशी बांधलेला कारखाना आणि उसाचा फड एका तालुक्यात, आणि आपल्या जिल्ह्यातून त्या भागात जाणाऱ्या माणसाच्या हातात कोयता. जन्माने कोणी कमी-जास्त नसतो, पण कोयता धरलेला हात आणि मायक्रोमीटर धरलेला हात यांच्यात दोन पिढ्यांच्या कारखानदारीचे अंतर पडले आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, नंतर दुष्काळ, नंतर सप्टेंबर १९९३ चा भूकंप, ज्यात उमरगा-लोहाऱ्याची गावे उद्ध्वस्त झाली. अंतर कसे पडले याची कारणे आहेत. ते तसेच राहू द्यावे याला कारण नाही.

इतिहासातली एक गोष्ट इथे आठवते. भारतातला पहिला विमान कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचे. अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी प्रवासात ओळख झाली आणि डिसेंबर १९४० मध्ये 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' जन्माला आली, पण बंगळुरूत, कारण म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले. अमेरिकी अभियंते आले, त्यांच्या देखरेखीखाली हार्लो हे प्रशिक्षण विमान १९४१ मध्ये उडाले, युद्धात अमेरिकी लष्कराची विमाने तिथे दुरुस्त झाली. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. परदेशी भांडवल, परदेशी तज्ज्ञ आणि देशी हात, हे मिश्रण या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे. आज बोइंग-एअरबसची केंद्रे बंगळुरूला जातात, त्याचे एक मूळ म्हैसूरच्या त्या निर्णयात आहे. महाराष्ट्रात असे हात घडवण्याचे काम १९६४ पासून नाशिकजवळच्या ओझरच्या सरकारी विमान कारखान्याने केले. मिग-२१ सोव्हिएत परवान्याने बनवता बनवता तिथे आयटीआयच्या मुलांची एक फळी तयार झाली. मे २०२४ मध्ये एअरबसने ए-३२० प्रवासी विमानांच्या देखभालीसाठी ओझरशी करार केला, तो त्या फळीच्या जोरावर. खासगी कंपनी पन्नास वर्षे थांबत नाही. सरकारी कारखान्याने ती वर्षे दिली, म्हणून सार्वजनिक क्षेत्राला नुसता तोट्याचा धंदा म्हणणारे मला पटत नाहीत.

काम येत नसेल तर माणसे जातात. पुण्यात हिंजवडीच्या टाटा टेक्नॉलॉजीजसारख्या कंपन्या एअरबससाठी अभियांत्रिकी काम करतात, तिथे धाराशिव-लातूरची मुलेमुली भेटतात. विमान देखभाल अभियंत्याचा परवाना मिळवलेल्यांना आखाती विमान कंपन्या बोलावतात, मात्र तो परवाना मिळेपर्यंतची वर्षे आणि फी शेतकरी घराला झेपणारी नसते. वैमानिक होण्याचा खर्च तर पन्नास लाखांच्या पुढे. अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडिया वर्षाला १८० वैमानिक घडवणारी अकादमी उभारत आहे, पण अकादमी जवळ आली म्हणून फी परवडत नाही. भरवसाही कमीच: १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज थांबली आणि सुमारे वीस हजार माणसे रस्त्यावर आली, त्यांत मुंबईचे मराठी लोडर, मेकॅनिक, केबिन क्रू किती होते ते मुंबईकरांना माहीत आहे. अमेरिकेची वाटही अरुंद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्यात आले. शिवाय तिथल्या संरक्षणविषयक कायद्यांमुळे लष्करी विमानांच्या कामाला परदेशी नागरिकाला सहसा हात लावता येत नाही, त्यामुळे आपल्या अभियंत्यासाठी विमान बनवणाऱ्या कंपनीचे निम्मे दार आधीच बंद असते. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. वाहनचालक, परिचारिका, इलेक्ट्रिशियन. चांगला आहे, पण तोही कुशल हाताचाच करार. हात आधी घडवावा लागतो.

एक माणूस उलट वाटेने गेला, त्याचे नाव घ्यायला हवे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. पण नोंदणी क्रमांक मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडले, आणि पालघरच्या कारखान्याचा ३५ हजार कोटींचा करार फेब्रुवारी २०१८ मध्ये होऊनही तो कारखाना उभा राहिला नाही. विमान बांधण्याची हिंमत एका घरात असू शकते. त्याला प्रमाणित करणारी यंत्रणा मात्र देशालाच उभारावी लागते, आणि प्रवासी विमानांच्या बाबतीत आपली तीच बाजू लंगडी आहे.

मग धाराशिवने काय मागावे? धावपट्टी तर आहे. एमआयडीसीने बांधली, २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळसह ती रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेकराराने दिली गेली. नियमित प्रवासी विमान तिथून उडत नाही. तिचे रुंदीकरण, दिवे यांवर निवेदने निघतात, पण धावपट्टीने हत्तरगी घडली नाही. हत्तरगीत तर धावपट्टीच नाही. केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीसह धाराशिवचे नाव आहे. कौडगावला एमआयडीसीची जमीन आहे. शासकीय आयटीआय आहेत, तुळजाभवानी मंदिर संस्थानने सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय तुळजापुरात आहे, तेरणाचे महाविद्यालय शहरात आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे काम चालू आहे, लातूरला रेल्वेडब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. कच्चा माल म्हणावा असे हे सगळे आहे.

नसलेली गोष्ट लहान आणि महाग आहे: मोजमापाची खोली. तापमान स्थिर ठेवलेली, त्रिमितीय मापनयंत्र असलेली, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा जिल्ह्यात हवी. दासोने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याचा फिटर हा अभ्यासक्रम सुरू केला. त्याची तुकडी धाराशिवला आणायची तर आधी शिकवणारा निदेशक नागपूरला किंवा ओझरला वर्षभर पाठवावा लागेल. पहिली पाच वर्षे विमानाचा एकही भाग बनणार नाही, लातूरच्या डब्यांचे कंस आणि साखर कारखान्यांच्या पंपांचे भाग बनतील, आणि त्यांतच हात बसेल. हत्तरगीच्या आसपास असेच झाले होते. ऊसतोडीच्या टोळीतल्या मुलीला आणि मुलाला हंगामात शाळेत ठेवणारी वसतिगृहे नसतील, तर या आयटीआयच्या दारापर्यंत ती पोचणारच नाहीत. त्यामुळे हंगामी वसतिगृहाचा खर्च मी विमान उद्योगाच्याच खात्यात लिहीन. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत विमानतळाच्या विषयाआधी हे दोन विषय घेतले जावेत: वसतिगृहांच्या खाटा किती वाढणार, आणि मापनयंत्राची निविदा कधी निघणार.